आ करा, आक्का

"तोंडात काही जखम, चट्टा, गाठ?"
"न्हाई."
रकान्यात 'नाही' पडलं. पुढचा प्रश्न.

धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातल्या एका गावात, ओसरीवर बसून मी हे डोळ्यांनी पाहिलं. उन्हाळ्याची दुपार होती. आक्का आमच्या नात्यातल्या, साठीच्या पुढच्या. आशाताई उंबऱ्यापाशी टेकून फॉर्म भरत होती आणि आक्कांच्या तर्जनीवर सकाळच्या मिसरीचा काळा डाग तसाच होता. लग्न होऊन आल्यापासून त्यांची मिसरी सुटलेली नव्हती. उठल्यावर एकदा, जेवल्यावर एकदा, निजताना एकदा. दिवाळीला गालावर बाहेरून गाठ दिसायला लागली तेव्हा पोरांनी त्यांना बार्शीला नेलं. जबड्याचा एक भाग काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, गालाच्या आत चट्टा कितीतरी महिने आधीपासून असणार.

म्हणजे त्या दुपारीही तो असणार. आक्का खोटं बोलल्या नव्हत्या. दुखत नव्हतं, आणि स्वतःच्या गालाच्या आत कोणाला दिसतं? गरज होती ती दुसऱ्या कोणीतरी आत बघण्याची. "आ करा, आक्का" एवढं म्हणायचं आणि उजेड धरायचा. एक मिनिटाचं काम.

आशाताईवर माझा काडीचाही राग नाही. पुढे भेटली तेव्हा तिला विचारलं. ती म्हणाली, "दादा, बघायचं कसं ते एकदा ट्रेनिंगला पडद्यावर फोटो लावून दाखवलं होतं. खऱ्या माणसाच्या तोंडात कधी बघितलंच न्हाई. बॅटरी न्हाई, हातमोजं न्हाईत. अन् समजा बघितलं, दिसलं, तर धाडू कुठं?"

'धाडू कुठं' या प्रश्नासाठी आजचं सदर आहे.

सरकारी कागदावर तोंड नाही असं नाही. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून चालू आहे. उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथल्या बारा सेवांच्या यादीत दात आणि तोंड आहे. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाचा जो फॉर्म आशा घरोघर भरते, त्यात तोंड उघडायला त्रास होतो का, दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, चट्टा आहे का, आवाज बदललाय का, हे सगळं विचारलेलं आहे. प्रश्न चांगले आहेत. ज्यांनी काढले त्यांना आजार कळतो. पण रक्तदाब आपण विचारून लिहीत नाही, दंडाला पट्टा बांधून मोजतो. साखर बोट टोचून बघतो. तोंडाच्या बाबतीत मात्र तोंडी उत्तरावर काम भागवलं जातं, आणि ज्याला आतलं दिसत नाही त्यालाच आत काय आहे ते विचारलं जातं.

३० मे २०२३ रोजी राज्यानं 'स्वच्छ मुख अभियान' सुरू केलं. सचिन तेंडुलकर त्याचे दूत झाले. दात घासा, चूळ भरा, नीट खा, तंबाखू-सिगारेट टाळा आणि वर्षातून दोनदा दंतवैद्याकडे जा, असा निरोप होता. पहिले चार निरोप लोहारा तालुक्यातल्या बाईला कळतात. पाचव्यावर ती अडते. दोनदा जाण्यासाठी आधी एकदा जाता आलं पाहिजे.

दाढ ठणकायला लागली की आमच्या खेड्यात काय होतं ते बघा. पहिल्या रात्री लवंग. दुसऱ्या दिवशी तुरटीच्या कोमट पाण्यानं गुळण्या. मग कोणीतरी तंबाखूची चिमूट दाबायला सांगतं, बधिर होतं म्हणून; कित्येकांना तंबाखूची सवय लागली ती अशीच. मग मेडिकलवरून दुखीच्या गोळ्या. पत्ता संपतो, दुसरा येतो, पोटात आग पडते. आठवडी बाजारात नळी लावून 'दाढेतला किडा' काढून दाखवणारे भेटतात. दाढेत किडा नसतो, पण दुखणारा माणूस पैसे देतो. गाल सुजून डोळा झाकायला लागला की एसटी धरून तालुक्याला जायचं. बरोबर एक माणूस, म्हणजे दोघांची मजुरी गेली. तालुक्याला खासगी दवाखाने आहेत, डॉक्टरही बरे आहेत. ते सांगतात, दाढ वाचवायची तर तीन-चार वेळा यावं लागेल, इतका खर्च येईल. काढायची तर आजच निघेल. बाई विचार करत नाही, "काढून टाका" म्हणते. चाळिशीत पोचेपर्यंत अशा पाच-सहा दाढा जातात.

त्यानंतर काय होतं याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही. भाकरी चावत नाही म्हणून ती दुधात नाहीतर वरणात कुस्करून खायची. शेंगदाणे बंद. ऊस बंद. माघात शेतावर हुरड्याची आगटी पेटते, सगळे गोल बसतात, आणि ज्या म्हातारीनं जन्मभर ज्वारी काढली ती तळहातावर कोवळा हुरडा घेऊन नातवाच्या तोंडात घालते, कारण तिला तो चावत नाही. मला या गोष्टीचा फार राग येतो. म्हातारपण म्हणून आपण तिची समजूत घालतो. दात म्हातारपणामुळे जात नाहीत. हिरड्या पिकतात, कीड खोल जाते, आणि वेळेवर कोणी बघत नाही म्हणून ते जातात. साखरेच्या आजारात हिरड्या बिघडतात, हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. तरी साखर तपासणारं माणूस हिरडी बघत नाही.

आता ऊसतोडीचं. कळंब, वाशी, भूम, परंडा या पट्ट्यातून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, पोरं बैलगाडीत नाहीतर ट्रॅक्टरवर. परत येतात ते पाडव्याच्या सुमाराला. फडात एक दिवस काम चुकलं की खाडा पडतो, त्याचे पैसे कापले जातात. फडात दाढ दुखली तर बाई कोयता खाली ठेवत नाही. गालाला फडकं बांधते, तंबाखू दाबते आणि मोळी बांधते. पहाटेची भूक मारायला, झोप उडवायला तंबाखू आणि पुडी. राज्यात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे आणि पुडी मिळते, हे वाचकाला मी वेगळं सांगायला नको. २०१६-१७च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूर नसलेली तंबाखू वापरतात असं दिसलं. दर चार माणसांत जवळजवळ एक. मिसरी त्यातच आली.

आणि आमची दंत तपासणी शिबिरं कधी? जानेवारी-फेब्रुवारीत. हवा चांगली असते, पाहुणे यायला राजी असतात. त्या वेळी गावात म्हातारी माणसं, शाळेची पोरं आणि कुलपं असतात. ज्यांच्या तोंडात बघायला हवं ते कारखान्याच्या तळावर असतात. शिबिर ठेवायचं तर मृगाच्या तोंडावर ठेवा, नाहीतर टोळी निघण्याआधी, भाद्रपदात. शिबिराचा मंडप मला मुळात फारसा पटत नाही. एक दिवस दात मोजायचे, टूथपेस्टची छोटी नळी द्यायची, फोटो काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी ज्याची दाढ किडलेली निघाली त्याला कोणी ओळखत नाही. शिबिरातली चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत पडून पिवळी पडते.

पोरांचंही तेच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरला झाली. पथकं शाळेत येतात, अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतात, आणि तपासायच्या आजारांत किडलेले दातही आहेत. पथकाला कीड दिसते, ते नोंदवतात, आईबापाला सांगतात. आईबाप म्हणतात, दुधाचे आहेत, पडणारच आहेत. कोणी पटवून दिलं तरी मजुरी बुडवून पोराला शहरात नेणं होत नाही. दुधाची दाढ दहाव्या-अकराव्या वर्षापर्यंत टिकायची असते. ती सातव्या वर्षी सडली तर पोर एका बाजूनं चावतं, रात्री रडतं, सकाळी शाळेत पेंगतं.

तर मग दंतवैद्य कमी आहेत का देशात? नाहीत. देशात तीनशेच्या वर दंत महाविद्यालयं आहेत, वर्षाला पंचवीस हजारांहून जास्त मुलामुलींना प्रवेश मिळतो. शिकून बाहेर पडलेली पोरं मोठ्या शहरात दुसऱ्याच्या दवाखान्यात किरकोळ पगारावर उभी असतात. एकेका गल्लीत तीन-तीन पाट्या. त्यांना खेड्याचा तिटकारा आहे असं म्हणणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. दंतवैद्याला स्टेथोस्कोप गळ्यात घालून दवाखाना थाटता येत नाही. खुर्ची लागते, कॉम्प्रेसर लागतो, पाणी लागतं, एक्स-रे लागतो, अखंड वीज लागते. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असताना पोरगी हे सगळं वाशीत किंवा परंड्यात कशाच्या भरवशावर मांडणार? सरकारनं खुर्ची मांडून बोलावलं तर ती येईल. केंद्राच्या मानकांत ग्रामीण रुग्णालयाला दंतशल्यचिकित्सक सांगितलेला आहे. तो जागेवर असला पाहिजे, साहित्यासह असला पाहिजे, आणि अकरा महिन्यांच्या करारावर टांगलेला नसावा. मी स्वतः एका ग्रामीण रुग्णालयात दंतखुर्ची पाहिली आहे, तिच्यावर औषधांचे खोके रचलेले होते.

धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं. फार वर्षांची मागणी होती, पुरी झाली. पण मराठवाड्याचं शासकीय दंत महाविद्यालय छत्रपती संभाजीनगरलाच आहे, आणि उमरग्याहून तिथं जाऊन परत येणं एका दिवसाचं काम नाही. आमची माणसं सोलापूर, लातूर, बार्शी या तीन दिशांना पांगतात. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या पुढे होती, त्यातली ८३ टक्के खेड्यात. आठ तालुके. २०१८ साली केंद्रानं 'आकांक्षित जिल्हे' निवडले तेव्हा महाराष्ट्रातल्या चार नावांत आमचं नाव होतं. आरोग्य हा त्या मोजमापाचा मोठा भाग आहे. जिल्ह्यात किती माणसांना दोन्ही बाजूंनी चावता येतं, हेही कोणीतरी मोजावं.

दंतवैद्य शहरात आणि रुग्ण खेड्यात, मधे कोणीच नाही, हा खरा खड्डा आहे. हा खड्डा जगात इतरांनी भरला आहे. न्यूझीलंडनं १९२१ सालापासून तरुण मुलींना दोन वर्षं शिकवून शाळाशाळांत दंतपरिचारिका म्हणून नेमलं. त्या पोरांचे दात भरायच्या, काढायच्या. अलास्काच्या बर्फातल्या वस्त्यांत दंतवैद्य जात नव्हते, तेव्हा तिथल्या आदिवासी समाजानं २००३ साली आपली मुलं शिकायला त्याच न्यूझीलंडला पाठवली. ती परत येऊन कामाला लागली तर २००६ साली अमेरिकेच्या दंतवैद्य संघटनेनं खटला भरला. पुढच्या वर्षी तो तडजोडीनं मिटला आणि मुलं काम करत राहिली. आपल्याकडे १९४८च्या दंतवैद्यक कायद्यातच डेंटल हायजिनिस्टच्या नोंदणीची तरतूद झाली. दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पाऊणशे वर्षं झाली. आमच्या जिल्ह्यातल्या किती वाचकांनी हा शब्द ऐकलाय?

न्यूझीलंडपर्यंत जायची तरी काय गरज? परंडा-भूमच्या शिवेला लागून जामखेड आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे तिथं आले आणि त्यांनी गावातल्या बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यातल्या कित्येक दलित होत्या, कित्येकींना अक्षर येत नव्हतं. त्यांनी बाळंतपणं केली, कुष्ठरोग ओळखला, पोरांचे जुलाब थांबवले. जगानं येऊन ते बघितलं. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इकडे तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी आणि डॉ. क्रांती रायमाने यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशन उभं केलं आणि गावच्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं आरोग्यदूत बायकांना नवजात बाळाला इंजेक्शन द्यायला शिकवलं, आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरल्याचं १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. जी बाई दोन दिवसांच्या बाळाला सुई टोचू शकते, तिला आक्कांच्या गालातला चट्टा ओळखता येणार नाही असं कोण म्हणेल?

आणि धाराशिवचं स्वतःचं उदाहरण याहून मोठं आहे. त्याबद्दल इथं फार कमी बोललं जातं म्हणून जरा थांबून सांगतो.

बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्यात बार्शीबरोबर परंडा आणि भूमची गावं आहेत. आमच्या गावातल्या कोणाला कुठला कर्करोग झाला, हे तेव्हापासून वहीत लिहिलं जातं. गावची माणसं बिचकू नयेत म्हणून लोकांत मिसळून, विश्वास मिळवून हे काम झालं. त्याच पायावर १९९९ साली उस्मानाबाद जिल्ह्यात, तेव्हा नाव तेच होतं, एक प्रचंड अभ्यास उभा राहिला. बार्शीचं रुग्णालय, मुंबईचं टाटा आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था असे तिघं त्यात होते. डॉ. रंगस्वामी शंकरनारायणन त्याचे प्रमुख, बार्शीचे डॉ. भगवान नेने त्यांच्यासोबत. गावांचे ५२ गट केले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग कुठल्या तपासणीनं आधी सापडतो, हे शोधायचं होतं. या कामासाठी बायकांना शिकवून तयार केलं, त्या गावोगाव गेल्या. ज्या विषयावर बाई नवऱ्याशीही बोलत नाही त्या तपासणीला आमच्या जिल्ह्यातल्या हजारो बायका आल्या.

२००९ साली निकाल छापून आला. एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच झालेल्या ३४ हजार बायकांच्या गटात या कर्करोगानं ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या साडेएकतीस हजारांच्या गटात ६४. मृत्यू निम्म्यावर आले. जगभरच्या देशांनी आपली धोरणं ठरवताना हा आकडा वापरला. त्या दुसऱ्या गटातल्या बायकांना तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. माझं मत सांगतो. त्या ६४ बायका आमच्या होत्या. या जिल्ह्यानं जगाला ज्ञान दिलं आणि त्याची किंमत आपल्या बायकांच्या जिवानं मोजली. तेव्हा अशी तपासणी दारापर्यंत येणं हा या जिल्ह्याचा हक्क आहे, कोणाचे उपकार नव्हेत.

तोंडाच्या कर्करोगाचा असाच पुरावा केरळात तिरुवनंतपुरमला तयार झाला. तिथं डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन लोकांच्या तोंडात नुसतं बघितलं. २००५च्या निकालात तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांत या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. लागलं काय? उजेड, शिकलेली नजर आणि पुढे पाठवायची जागा.

म्हणून माझी मागणी साधी आहे. हजार लोकांमागे एक आशा, या नियमानं जिल्ह्याच्या खेड्यांत तेराशेच्या पुढे आशा व्हायला हव्यात. त्यांच्यातल्या प्रत्येकीला चार दिवस खऱ्या माणसांच्या तोंडात बघायला शिकवा, वैद्यकीय महाविद्यालयात नाहीतर जिल्हा रुग्णालयात, दंतवैद्याच्या शेजारी उभं करून. पडद्यावरच्या फोटोवर भागवू नका. तिला चांगली बॅटरी द्या, हातमोजे द्या, लाकडी चपट्या पट्ट्या द्या. गालाच्या आत, जिभेच्या कडेला, जिभेखाली, ओठाच्या मागं, टाळूला कसं बघायचं ते शिकवा. उभी तीन बोटं तोंडात जातात का, ते बघायला शिकवा. जात नसतील तर सुपारी-गुटख्यानं तोंड आखडतंय, हे तिला कळू द्या. पहिलटकरणीच्या हिरड्यांतून रक्त येतं का, हे तिला विचारता येईल, बघताही येईल. दात काढणं, भरणं हे तिचं काम नाही आणि ते तिच्यावर टाकूही नये. तिनं बघायचं, ओळखायचं, चिठ्ठी द्यायची, माणूस पोचला का ते पाहायचं.

त्या प्रत्येक तोंडाचे पैसे तिला द्या. २०२४च्या सुरुवातीला याच आशा थंडीत मुंबईला आझाद मैदानावर बसल्या होत्या. त्यांना वेतन मिळत नाही, मोबदला मिळतो, तोही उशिरा. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला तेव्हा आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गर्भवती, लसीकरण, क्षय, कुष्ठ, साखर, रक्तदाब, सर्वेक्षणांमागून सर्वेक्षणं, आणि आता तोंड. नवं काम द्यायचं तर जुन्यातलं एक कमी करा किंवा पैसे वाढवा. दोन्ही करणार नसाल तर तोंडाचा रकाना भरलेला दिसेल आणि गालातला चट्टा वाढत राहील.

आता 'धाडू कुठं'चं उत्तर. उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी आहे. आपल्याकडे त्यातले बहुतेक आयुर्वेदाचे पदवीधर आहेत, सहा महिन्यांचा जादा अभ्यासक्रम केलेले. त्यांच्या जोडीला प्राथमिक आरोग्य केंद्रात एक डेंटल हायजिनिस्ट नेमा. दाढ भरायला दरवेळी वीज लागते असंही नाही. ऐंशीच्या दशकात टांझानियात एक पद्धत निघाली: कीड हातातल्या छोट्या अवजारानं खरवडून काढायची आणि तिथं ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट भरायचं. मशीन नाही, बहुतेक वेळा सुई नाही. कीड पुढे सरकू नये म्हणून लावायचं सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचं औषध आहे. दात काळा पडतो पण सडणं थांबतं. ते सिमेंट आणि हे औषध, दोन्ही २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. शाळेच्या व्हरांड्यात बाकावर निजवून पोराची दाढ वाचवता येते. आणि तालुक्याला ग्रामीण रुग्णालयात चालू खुर्ची, कायम दंतवैद्य, आठवड्याचे ठरलेले वार. वार पाटीवर लिहा आणि ते पाळा. कारखान्याच्या तळावर महिन्यातून एकदा फिरतं पथक पाठवा. त्या दिवसाचा खाडा कापला जाणार नाही, हे कारखान्यानं लिहून द्यावं.

दंतवैद्य मित्रांना एक सांगतो. बाजारातल्या भोंदूंची तुम्हाला भीती वाटते, ती रास्त आहे. अर्धवट शिकलेल्यानं दात उपटला आणि जंतुसंसर्ग गळ्यात उतरला तर माणूस दगावतो. पण भोंदू जगतो तो तुम्ही तिथं नसल्यामुळे. शिकवलेली, नोंदलेली, तुमच्या देखरेखीखालची बाई गावात उभी राहिली तर तुमचे रुग्ण कमी होणार नाहीत. आज जे तुमच्यापर्यंत पोचतच नाहीत ते येतील, आणि दाढ वाचवण्याजोगी असताना येतील. आठही तालुक्यांतल्या तुमच्या संघटनेनं आशांना शिकवायला महिन्यातला एक दिवस द्यावा. मी हात जोडून मागतोय.

जिल्हा परिषदेच्या सदस्यांनाही मागतोय. पुढच्या आराखड्यात सभामंडप आणि कमानी येतील, त्यांच्यात तेराशे बॅटऱ्या बसवा.

आक्का आता घरी आहेत. बोलणं स्पष्ट होत नाही, पेज आणि दूध एवढंच जातं. मिसरीचा डबा त्यांच्या सुनेनं उकिरड्यावर नेऊन पुरला. त्या सुनेचं वय चौतीस आणि तीही मिसरी लावत होती. आशाताईनं परवा स्वतःच्या पैशानं घेतलेल्या बॅटरीनं तिचं तोंड बघितलं. काही नाही निघालं.

वाचकहो, तुमच्या घरात मिसरी, तंबाखू, गुटखा, सुपारी यातलं काहीही घेणारं माणूस असेल तर आज रात्री जेवणं झाल्यावर त्याला चूळ भरायला लावा, मोबाईलचा उजेड धरा आणि आ करायला सांगा. दोन्ही गाल आतून बघा, जीभ उचलून खाली बघा, जिभेच्या दोन्ही कडा बघा. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवडे न भरलेली जखम, गाठ, आखडलेलं तोंड, यातलं काहीही दिसलं तर दुखायची वाट बघू नका. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं दवाखान्यात न्या.